दगडातला ऑक्सिजन

चंद्रावरच्या मातीत वजनाने चाळीस ते पंचेचाळीस टक्के ऑक्सिजन असतो. हवेतल्यासारखा तो मोकळा नसतो. सिलिकॉन, लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि टायटॅनियम यांनी त्याला खनिजांत जखडून ठेवलेले असते. आरशांनी किंवा भिंगांनी ऊन एका जागी आणायचे, त्या उष्णतेने माती वितळवायची आणि तिच्यातला ऑक्सिजन सोडवून घ्यायचा, ही कल्पना अंतराळयुगातली वाटते. प्रत्यक्षात तिचा इतिहास अडीचशे वर्षांचा आहे. त्या इतिहासात उष्णता मिळवणे फारसे अवघड गेले नाही. अवघड गेले ते ती उष्णता सोसणारे भांडे शोधणे आणि सुटलेला वायू पुन्हा दगडात जाण्याआधी पकडणे.

ज्या दगडाशी ही झुंज आहे तो महाराष्ट्राला परका नाही. पृथ्वीवरून चंद्रावर दिसणारे काळे डाग म्हणजे बेसाल्टची मैदाने. त्यांतली बहुतेक तीन ते चार अब्ज वर्षांपूर्वी लाव्हा पसरून गोठल्याने तयार झाली. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भागही बेसाल्टवरच वसलेला आहे. दख्खनचे हे लाव्हाथर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. पांढरकवडा-वणी भागातल्या शिबला-पार्डी इथे याच लाव्हाचे षटकोनी स्तंभ आढळले आहेत. लाव्हा सावकाश निवताना आकसला आणि त्याला नियमित भेगा पडल्या, म्हणून असे स्तंभ बनतात. जिल्ह्यातल्या खदानींतून रस्त्यांसाठी निघणाऱ्या काळ्या गिट्टीतही वजनाने चाळीस टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनच असतो. विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे विवर आहे. ते बेसाल्टमध्ये झालेल्या उल्कापाताचे विवर असल्याचे 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या लेखाने मांडले, आणि तेव्हापासून चंद्रावरची विवरे समजून घेऊ पाहणारे अभ्यासक तिथे येत राहिले.

दोन्हीकडच्या दगडांत फरकही मोठा आहे. यवतमाळच्या बेसाल्टवर कोट्यवधी वर्षे पाऊस पडला, हवेने त्यातले लोह आणखी ऑक्सिडीकृत केले आणि दगड कुजून कपाशीची काळी, भारी जमीन तयार झाली. चंद्रावर पाऊस नाही, वाहते पाणी नाही, हवा नाही. तिथली माती उल्कांच्या माऱ्याने दगडाचा चुरा होऊन बनली. तिचे कण काचेसारखे, धारदार असतात आणि त्यांत शुद्ध लोहाचे अतिसूक्ष्म कणही सापडतात. ओल नसल्याने आणि भोवती निर्वात पोकळी असल्याने ही माती उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही. हा शेवटचा गुण पुढे फार उपयोगी पडला.

खनिजातून उन्हाच्या मदतीने ऑक्सिजन काढल्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग 1 ऑगस्ट 1774 चा. इंग्लंडमध्ये कॅन या गावाजवळच्या बोवुड हाऊसमध्ये जोसेफ प्रीस्टली याने 12 इंच व्यासाच्या भिंगाने पाऱ्याच्या लाल भस्मावर ऊन एकवटले. भस्मातून एक वायू निघाला आणि त्यात मेणबत्ती नेहमीपेक्षा कितीतरी प्रखर जळू लागली. स्वीडनमध्ये कार्ल शेले याला हा वायू त्याआधीच मिळाला होता, पण त्याचे लेखन उशिरा छापले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्रुदेन यांच्या खर्चाने एक प्रचंड भिंग तयार झाले. दोन वक्र काचांमध्ये मद्यार्क भरून ते बनवले होते आणि त्यावर काम करणाऱ्यांत आंत्वान लव्हाझिए होता. प्रीस्टलीला मिळालेला वायू हे एक मूलद्रव्य आहे हे लव्हाझिएने ओळखले आणि त्याला ऑक्सिजन हे नाव दिले.

प्रीस्टलीचे काम सोपे झाले ते पाऱ्यामुळे. पाऱ्याची ऑक्सिजनवरची पकड इतकी सैल असते की सुमारे पाचशे अंश सेल्सिअसला ती सुटते. एवढी उष्णता काचेचे भांडेही सहन करते. लोहाची पकड पाऱ्यापेक्षा कितीतरी घट्ट, सिलिकॉनची लोहापेक्षा घट्ट, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियमची त्याहूनही घट्ट. चंद्राच्या मातीत पारा नाममात्र आहे आणि भरणा या घट्ट पकडीच्या मूलद्रव्यांचा आहे. एकवटलेल्या उन्हाने ऑक्सिजन सुटतो हे 1774 मध्ये सिद्ध झाले, तरी खऱ्या दगडातून तो सोडवायला आणखी दोन शतके लागली, त्याचे कारण हेच.

मधल्या काळातला एक महत्त्वाचा प्रयोग मुंबईत झाला आणि महाराष्ट्रात तो फारच थोड्यांना ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयातले डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स यांनी 1870 च्या दशकात कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात सौरयंत्र उभारले. फ्रान्समध्ये ओग्युस्त मूशो यांनी शंकूच्या आकाराच्या, चकचकीत धातूच्या परावर्तकाने वाफ तयार केली होती. असा एकसंध परावर्तक मोठा करत नेणे खर्चिक होते आणि त्याची चकाकीही टिकत नसे. ॲडम्स यांनी त्याऐवजी 17 बाय 10 इंचांचे साधे सपाट आरसे घेतले, ते एका मोठ्या चौकटीवर बसवले आणि प्रत्येक आरसा असा कलता केला की सगळ्यांचे ऊन एकाच बाष्पकावर पडावे. चौकट रुळावर होती. सूर्य सरकला की ती बाष्पकाभोवती अर्धवर्तुळात ढकलायची. आरसे वाढवले की उष्णता वाढे. त्यांनी 1,200 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 650 अंश सेल्सिअसच्या वर तापमान गाठले. या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन दोन आठवडे दिवसाउजेडी चालले. लष्करी अधिकारी, न्यायाधीश, सार्वजनिक बांधकाम खात्याचे सचिव आणि गिरणीमालक ते पाहायला आले. सैनिकांचे जेवण शिजवणारी सौरचूलही ॲडम्स यांनी बनवली. 1878 मध्ये मुंबईतच त्यांचे पुस्तक छापले गेले. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल हा त्याचा विषय होता.

ॲडम्स यांना ऑक्सिजनशी कर्तव्य नव्हते. मुंबईच्या गिरण्यांना कोळसा लांबून आणावा लागे, ती अडचण त्यांना दूर करायची होती. पण मध्यभागी स्थिर लक्ष्य आणि त्यावर ऊन फेकणारे अनेक लहान सपाट आरसे ही त्यांची रचना पुढे मोठ्या सौरमनोऱ्यांची मूळ रचना ठरली. मोठा वक्र आरसा घडवण्यापेक्षा अनेक लहान आरसे जुळवावेत हा विचार चंद्रासाठीही तितकाच खरा आहे, कारण रॉकेटमध्ये अखंड मोठा आरसा मावत नाही.

ॲडम्स यांचे यंत्र पुढे कुणी वाढवले नाही. गिरण्या कोळशावरच चालत राहिल्या आणि कोळशाचे नवे साठे हाती येत गेले. ज्या सुमारास कुलाब्यात आरसे फिरत होते त्याच सुमारास, 1877 मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. हे खोरे नदीच्या एका बाजूला चांदा आणि दुसऱ्या बाजूला तेव्हाच्या ‘वूण’, म्हणजे वणी जिल्ह्यात पसरले होते. 1905 पासून या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. वणीच्या आसपास आजही कोळशाच्या खाणी चालतात. खाणीतला कोळसा रात्री आणि पावसाळ्यातही जळतो. मुंबईसारख्या, चार महिने ढगाळ असणाऱ्या शहरात आरशांना हे जमणे शक्य नव्हते. महाराष्ट्रात हा धागा पुन्हा ठळकपणे हाती आला तो 2006 मध्ये. मुंबईच्या आयआयटीतले शिरीष केदारे यांच्या संशोधनातून तयार झालेला ‘अरुण’ हा मोठा सौर परावर्तक तेव्हा लातूरच्या महानंद दुग्धशाळेत दुधाच्या पाश्चरीकरणासाठी बसला. पुढे शिर्डीच्या प्रसादालयात सौर तबकड्यांच्या वाफेवर हजारो भक्तांचे जेवण शिजू लागले. ही तापमाने फार तर काही शे अंशांची. दगड वितळवायला मात्र हजारांची भाषा लागते.

ती भाषा फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतात बोलली गेली. फेलिक्स त्रोंब यांच्या पुढाकाराने ओदेयो इथे 1970 च्या सुमारास एक मेगावॉटची सौरभट्टी सुरू झाली. उतारावरचे सपाट आरसे सूर्याचा पाठलाग करत ऊन एका इमारतीएवढ्या अंतर्गोल आरशावर फेकतात आणि त्याच्या नाभीत तीन हजार अंशांच्या वर तापमान मिळते. इथे कोणताही दगड पाण्यासारखा वाहतो. म्हणजे उष्णतेचा प्रश्न विसाव्या शतकातच मिटला होता. किती ऊन एकवटावे लागते याचा हिशेबही सरळ आहे. चंद्राच्या अंतरावर सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे 1,360 वॉट येतात. 1,600 अंशांवर तापलेली काळी वस्तू मात्र दर चौरस मीटरला सुमारे 700 किलोवॉट नुसत्या प्रारणाने गमावते. तेव्हा ऊन किमान पाचशेपट दाटवले तरच ते तापमान टिकते आणि प्रत्यक्ष कामासाठी हजारपटीच्या पुढे जावे लागते. हे तंत्र उपलब्ध होते. माती मात्र 1969 पर्यंत कुणाच्या हातात नव्हती.

अपोलो 11 ने जुलै 1969 मध्ये 21.5 किलो नमुने आणले आणि सहा मोहिमांत मिळून 382 किलो जमले. त्यांतले काही नमुने मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही आले. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कणांमध्ये विश्वकिरणांनी कोरलेल्या सूक्ष्म रेषा वाचून सूर्य आणि चंद्रपृष्ठ यांचा इतिहास मांडला. ऑक्सिजन काढू पाहणाऱ्यांच्या नजरेत या नमुन्यांतली दुसरीच गोष्ट भरली. ‘शांतिसागर’ नावाच्या मैदानातल्या मातीत टायटॅनियम डायऑक्साइड सात टक्क्यांहून अधिक होते, म्हणजे तिथे इल्मेनाइट भरपूर होते. लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे हे काळे खनिज रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या काळ्या वाळूतही असते. ते सुमारे हजार अंशांना हायड्रोजनमध्ये तापवले की लोहाला चिकटलेला ऑक्सिजन हायड्रोजन ओढून घेतो आणि पाणी तयार होते. पाण्याचे विद्युत अपघटन केले की ऑक्सिजन मिळतो आणि हायड्रोजन पुन्हा वापरायला परत येतो. या तापमानाला माती वितळत नाही, म्हणून भांड्याची चिंता कमी. हाच मार्ग प्रदीर्घ काळ सर्वांत आवडता राहिला.

1996 मध्ये नासाच्या कार्लटन ॲलन आणि सहकाऱ्यांनी अपोलोचे खरे नमुने हायड्रोजनमध्ये तापवून या मार्गाची ताकद मोजली. मातीच्या वजनाच्या सुमारे एक ते पाच टक्के ऑक्सिजन हाती आला आणि तो मातीतल्या लोहाच्या प्रमाणात कमी-जास्त होत होता. इल्मेनाइटच्या प्रमाणापेक्षा एकूण लोह महत्त्वाचे ठरले. लोह भरपूर असलेल्या ज्वालामुखीय काचेने सर्वांत चांगले उत्पन्न दिले. चाळीसपैकी पाच टक्के म्हणजे बाकीचा ऑक्सिजन सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमकडेच राहिला.

सिलिकॉनची पकड सोडवायचा उपाय अपोलोच्या आधीच सुचला होता. कॅलिफोर्नियातल्या एरोजेट कंपनीत सँडर्स रोझेनबर्ग आणि त्यांचे सहकारी 1960 च्या दशकात नासासाठी पृथ्वीवरच्या सिलिकेट खनिजांवर प्रयोग करत होते. दगड सुमारे 1,600 अंशांना वितळवायचा आणि त्यावर मिथेन सोडायचा. मिथेनमधला कार्बन वितळलेल्या दगडातला ऑक्सिजन ओढून कार्बन मोनॉक्साइड बनतो. हा वायू हायड्रोजनबरोबर निकेलच्या उत्प्रेरकावरून नेला की मिथेन आणि पाणी मिळते. मिथेन चक्रात परत जातो, पाणी फोडून ऑक्सिजन बाजूला काढता येतो. याला कार्बोथर्मल क्षपण म्हणतात. लोखंडाच्या झोतभट्टीत कोळसा जे करतो त्याचेच हे अधिक तापलेले रूप. मातीच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन याने निघतो.

इथे भांड्याची अडचण पूर्ण जोराने समोर आली. वितळलेला बेसाल्ट हा भयंकर खादाड रस आहे. तो बहुतेक मुशींच्या भिंती विरघळवतो, आणि चंद्रावर दर महिन्याला नवी मूस पाठवणे परवडणारे नाही. यावर सापडलेला उपाय या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर विचार आहे. एकवटलेले ऊन वरून, मातीच्या ढिगाच्या मधोमध पाडायचे. तेवढाच भाग वितळतो. भोवतालची कोरडी माती उष्णता वाहून नेत नसल्याने घट्टच राहते आणि वितळलेल्या रसाला तीच वाटी बनते. रस यंत्राच्या भिंतीला कधी शिवतच नाही. काम झाल्यावर तो गोठतो, काचेसारखा गोळा उचलून बाजूला टाकायचा आणि नवी माती पसरायची. विजेच्या भट्टीत बाहेरून भिंत तापवून ती उष्णता आत न्यावी लागते. ऊन थेट मातीलाच भेटते. कार्बोथर्मल पद्धतीला एकवटलेले ऊन इतके जुळते ते या कारणाने. शिवाय सौरपट्ट्या उन्हाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी भागाची वीज करतात, तर आरसे त्यातला मोठा हिस्सा उष्णता म्हणून पोचवतात.

या विचाराची परीक्षा 2010 मध्ये हवाई बेटांवरच्या मौना केआ ज्वालामुखीवर झाली. तिथली ज्वालामुखीय राख आणि खडी चंद्राच्या मातीशी मिळतीजुळती आहे. 2008 मध्ये याच डोंगरावर हायड्रोजन पद्धतीच्या दोन यंत्रांची चाचणी झाली होती. 2010 मध्ये ऑर्बिटेक कंपनीच्या कार्बोथर्मल भट्टीला ताकाशी नाकामुरा यांच्या गटाने बनवलेल्या परावर्तकांमधून ऊन मिळाले. गोळा केलेले ऊन प्रकाशतंतूंच्या जुडग्यातून थेट भट्टीत नेले होते. आरसे बाहेर सूर्यामागे फिरत राहतात आणि भट्टी जागेवर स्थिर राहते, ही सोय तंतूंमुळे झाली. मिथेनच्या चक्रातून पाणी आणि त्यातून ऑक्सिजन मिळाला.

हायड्रोजन नको, मिथेनही नको, नुसत्या उन्हाने दगड फोडता येईल का, हा प्रश्नही अभ्यासकांनी सोडला नाही. निर्वातात दोन हजार अंशांच्या वर खनिजांची वाफ होते आणि त्या वाफेतले रेणू तुटून मोकळा ऑक्सिजन तयार होतो. चंद्रावर निर्वात फुकट मिळतो. नासाच्या गोडार्ड केंद्रात एरिक कार्डिफ यांच्या गटाने 2000 च्या दशकात मोठ्या फ्रेनेल भिंगाने असे प्रयोग केले, जर्मनीत मार्कुस झाउअरबोर्न यांनी सौरभट्टीत केले. पाठवलेले कोणतेही रसायन यात खर्च होत नाही, ही मोठी जमेची बाजू. अडचण वायू पकडण्याची. वाफ निवू लागताच लोह आणि सिलिकॉन मोनॉक्साइड पुन्हा ऑक्सिजन गिळतात. म्हणून वाफ थंड पृष्ठभागावर क्षणार्धात गोठवावी लागते, आणि हीच वाफ भिंगाखालच्या काचेवरही बसून तिला आंधळी करते.

कोणती पद्धत निवडावी हा प्रश्न अखेर चंद्रावरच्या जागेवर ठरतो, आणि या बाबतीत भारताच्या मोहिमेने निर्णायक माहिती दिली. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 दक्षिण ध्रुवाकडच्या सुमारे 69 अंश अक्षांशावर उतरले. प्रज्ञान या बग्गीवरच्या उपकरणांनी माती तपासली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी त्या मोजमापांवरचा निबंध ऑगस्ट 2024 मध्ये ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध केला. तिथली माती अ‍ॅनॉर्थोसाइट या फिकट दगडाची निघाली. त्यात कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम मुबलक, लोह आणि टायटॅनियम कमी. शांतिसागरातला काळा बेसाल्ट दक्षिण ध्रुवाकडे नाही. मानवी तळाचा विचार तर ध्रुवाकडेच चालू आहे, कारण काही उंच कडांवर वर्षाचा बराचसा काळ ऊन असते आणि जवळच्या अंधाऱ्या विवरांत बर्फ आहे. अशा कमी लोहाच्या मातीवर हायड्रोजनचा आवडता मार्ग जवळजवळ निकामी ठरतो आणि सिलिकॉनला हात घालणारी कार्बोथर्मल पद्धत पुढे येते. यवतमाळच्या गिट्टीवर केलेला प्रयोग चंद्राच्या मैदानांना लागू पडेल, ध्रुवाला नाही. इस्रोने चंद्रावरच्या अशाच फिकट दगडाच्या उंच प्रदेशाची कृत्रिम चांद्रमाती बनवली ती तमिळनाडूतल्या सित्तमपुंडी भागातल्या अ‍ॅनॉर्थोसाइटपासून, तेही याच कारणाने.

2023 मध्ये नासाच्या जॉन्सन केंद्रात चंद्रासारख्या निर्वात कोठीत कृत्रिम चांद्रमातीवर कार्बोथर्मल चाचणी झाली. एकवटलेल्या उन्हाच्या जागी तेव्हा शक्तिशाली लेसर वापरला होता. भट्टी सिएरा स्पेसची होती. मौना केआवर काम करणारी ऑर्बिटेक 2014 मध्ये सिएरा नेवाडा कॉर्पोरेशनने घेतली होती, त्याच परंपरेतली ही भट्टी. मातीतून कार्बन मोनॉक्साइड सुटल्याचे वस्तुमान-वर्णपटमापकाने टिपले. निर्वातात ही प्रक्रिया चालते हे पहिल्यांदा दिसले. त्यानंतर याच प्रकल्पात खरा सौर परावर्तक जोडण्याचे काम हाती घेण्यात आले.

ऑक्सिजन हवा तो फक्त श्वासासाठी नाही. एका माणसाला दिवसाला सुमारे 0.84 किलो पुरतो. खरी भूक रॉकेटची आहे. मिथेनवर चालणाऱ्या इंजिनाच्या एकूण इंधनभारात तीन चतुर्थांशांहून अधिक वजन द्रव ऑक्सिजनचे असते. तो चंद्रावर भरता आला तर पृथ्वीवरून उचलायचे ओझे कितीतरी घटते. त्यासाठी वर्षाला काही टन उत्पादन लागेल, आणि आजवरच्या चाचण्या त्यापासून फार दूर आहेत. ध्रुवावर सूर्य क्षितिजालगत फिरतो, म्हणून आरसे उभे, मनोऱ्यावर लावून सूर्यासोबत पूर्ण वर्तुळात फिरवावे लागतील. धारदार धूळ झडपांच्या आणि दारांच्या सांध्यांत शिरते आणि प्रत्येक गळतीबरोबर पृथ्वीवरून आणलेला मिथेन कमी होतो. गोठलेल्या गोळ्यात अडकून जाणारा कार्बनही भरून काढावा लागतो. भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केलेल्या चांद्रयान-4 मोहिमेत चंद्रावरचे नमुने पृथ्वीवर आणायचे आहेत. ते आले की खऱ्या चांद्रमातीवर काम करण्याची संधी भारतातल्या प्रयोगशाळांना पुन्हा मिळेल.